पाचव्या चौकोनात

सुरुवात छातीपासून झाली. मार्चमध्ये,
पार्क मैदानावर, सकाळी सव्वासहाला,
सूर मारून उठले आणि बरगडीखाली
कुणीतरी हलकेच बोट टेकवलं.
मला वाटलं, खडा रुतला असेल.

आठवड्यानं ते पाठीत.
मग डाव्या पोटरीत. मग पुन्हा छातीत.
आमच्या संघात इतका सफाईनं खो कुणी देत नाही,
न ओरडता, न अडखळता,
एक बसतं, दुसरं उठतं
आणि बाद दर वेळी मीच.

सिव्हिलमध्ये गार चिकट काहीतरी लावून
छातीवर वायरी बसवल्या.
कागदावर माझं काळीज डोंगर काढत गेलं
पहिलीतल्या पोरासारखं, सगळे एका उंचीचे.
नॉर्मल.
पाठीचा फोटो, नॉर्मल.
रक्त जरा कमी, ते काय, सगळ्याच पोरींचं असतं.

अप्पांना तो शब्द इतका आवडला
की कारखान्यात, चालू मागांच्या खडखडाटात,
टॉवेल घडी घालणाऱ्या बायकांना
त्यांनी रिपोर्ट ओरडून वाचून दाखवला.
त्या रात्री मला कुशीवर वळता आलं नाही.
सांगणार कुणाला?
निकाल लागला होता.

हविनाळे सर म्हणाले,
"निवड चाचणी आली की बरं दुखतंय गं तुझं."
माझे बूट त्यांनीच घेऊन दिलेले, स्वतःच्या पगारातून.
म्हणून जास्त लागलं.

घरी आम्ही तेलुगू बोलतो.
आई विचारते, एक्कड नोप्पी?
मी बोट ठेवते, तोवर ते तिथून उठलेलं असतं.
डॉक्टर मराठीत विचारतात,
टोचतं, आवळतं, की ठणकतं?
मी शब्द पायात घालून बघते
चपलांच्या दुकानात बघावं तसं,
हा घट्ट होतोय, हा टाचेत सैल.

तिसऱ्या खेपेला एक तरुण डॉक्टर होत्या,
डोळ्यांखाली रात्रपाळी.
सगळे कागद त्यांनी पाहिले, उलटे करूनसुद्धा.
झोप विचारली, पाळी विचारली,
नळाला पाणी कितव्या दिवशी येतं,
जिन्यावरून घागरी कोण चढवतं तेही.
मग पेन खाली ठेवून म्हणाल्या,
"मला अजून कळत नाहीये.
पण दुखतंय, हे खरं आहे."
आणि तेवढंच लिहिलं, महिन्यानं परत बोलावलं.
मी बाहेर येऊन केसपेपरच्या रांगेशेजारी
भिंतीकडे तोंड करून रडले.
अप्पा घाबरले. त्यांना वाटलं काहीतरी सापडलं.

रात्री आई विड्या वळत होती.
पंचवीसची जुडी बांधता बांधता थांबली,
हात मागे नेला
आणि पाठीत नेमकी माझी जागा दाबली.
"तुझं कधीपासून?"
"तू पोटात होतीस तवापासून."
"कुणाला दाखवलंस?"
ती हसली. कात्री पानातून फिरत राहिली.
"हजार भरायच्या असतात की रोज.
कुणाला दाखवू, सुपाला?"
मी तिच्या पाठीशी जाऊन बसले.
अंगठा कुठे ठेवायचा ते मला ठाऊक होतं.

परवा मैदानावर गेले.
सर काही बोलले नाहीत,
फक्त स्टॉपवॉच हातात दिलं.
गीतांजली माझ्या जागी खेळते आता,
उठते छान, वळताना अजून घाबरते.
नऊ मिनिटं मी तिच्यासाठी मोजली,
खोटं कशाला सांगू, दोनदा मनात म्हटलं, चुक.
ती चुकली नाही.

सगळ्या पाणी प्यायला गेल्यावर
पाचव्या चौकोनात जाऊन बसले.
मातीत तिच्या चवड्यांचे दोन खळगे,
माझे पाय त्यांत मावले नाहीत.
ऊन चढत होतं. पोटरीतलं पाठीत येत होतं.
तरी उकिडवी बसून राहिले, मान समोर,
खो मिळायच्या आत उठलं तर फाऊल.

लांबून सर ओरडले,
"अगं, ते घड्याळ बंद कर की!"